सेन्सर बोलून नाई राह्यला

पंकजच्या फोनवर रोज सकाळी सात वाजता पूनमच्या नंबरवरून मेसेज यायचा. पूनमला जाऊन दीड वर्ष झालं होतं.

यात भुताखेताचं काही नव्हतं. पूनम आदिलाबाद शहरातली, पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली. पैनगंगेच्या अलीकडे, बेल्याजवळच्या या गावात ती लग्न होऊन आली तेव्हा इथल्या बायकांना वाटलं, ही पोरगी चार महिन्यांत नवऱ्याला घेऊन शहरात पळते. ती पळाली नाही. सकाळी बेल्याच्या एका शाळेत शिकवायला जायची आणि दुपारनंतर शेतात यायची. शेतात तिचं लक्ष कापसाहरभऱ्यापेक्षा मोटरकडे जास्त. लाइट चोवीस तास असायची, पण पंकजच्या विहिरीला पाणी तेवढं नव्हतं. पाणी तळाला गेलं की मोटर कोरडी फिरायची आणि जळायची. लग्नानंतर पहिल्या वर्षी जळाली, दुसऱ्या वर्षी पुन्हा जळाली, तेव्हा पूनम म्हणाली, "आता हिच्याकडं मी पाह्यते."

तिने विहिरीच्या तोंडावर लोखंडी अँगल बसवून घेतला आणि त्याच्या टोकाला खाली तोंड करून एक सेन्सर लावला. हा सेन्सर पाण्यावर आवाज सोडायचा, माणसाला ऐकू न येणारा, आणि तो किती वेळाने परत येतो त्यावरून पाणी किती खोल आहे ते ओळखायचा. तिथून जमिनीखालून वायर मोटरच्या खोलीत आणली. खोलीच्या भिंतीवर पोळ्यांचा प्लॅस्टिकचा डबा ठोकला आणि डब्यात बोटभर लांबीचा मायक्रोकंट्रोलर बसवला. सेन्सर सांगेल ते हा ऐकणार, आणि पाणी असेल तर मोटर चालू, नसेल तर बंद करणार. शिवाय सकाळी एक मेसेज पाठवणार. मेसेजसाठी सिम लागत होतं. पूनमने स्वतःचं जुनं सिम त्यात घातलं आणि आपल्यासाठी दुसरं घेतलं. पंकजच्या फोनमध्ये तो जुना नंबर 'पूनम' म्हणूनच राहिला.

"अवो, विहिरीत चौदा फूट पानी हाय. मोटर चालते." रोजचा मेसेज हा असा. आकडा तेवढा बदलायचा. पहिल्यांदा आला तेव्हा पंकज हसून म्हणाला होता, "मशीनबी अवो म्हनते काय मले?" त्यावर पूनम म्हणाली होती, "मंग काय सर म्हनन?"

दोन पावसाळ्यांआधी तिला ताप आला. आदिलाबादला दाखवलं, तिथून नागपूरला नेलं. आठवड्याच्या आत पंकज तिला अँब्युलन्समधून परत घेऊन आला. त्या गडबडीत घरातलं कुणी विहिरीकडे फिरकलं नव्हतं. अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातला फोन वाजला. "अवो, विहिरीत बावीस फूट पानी हाय." पंकज तेव्हा ओट्यावर बसला होता, भोवती पाहुणे होते. त्याने फोन खिशात टाकला आणि उठून मागच्या दारी गेला.

मोठा भाऊ सुधाकरराव बाजूच्याच घरात राहायचा. आई रुक्माबाईही त्याच्याकडेच. वर्षश्राद्ध झाल्यावर सुधाकरराव एकदा म्हणाला, "ते सिम बंद कर. बाजारातला आटो स्टार्टर बसव मोटरले, सारे बसवतेत. अन् पांढरकवड्याले एक मुलगी हाय, पाहून तर घे."  पंकज सिमचा रिचार्ज न चुकता मारत राहिला. मेसेजमध्ये वाचण्यासारखं काही उरलं नव्हतं, पण सात वाजता फोन वाजला की तो उठायचा, चूल पेटवायचा. त्याआधी उठून करायचं तरी काय?

डिसेंबरात आदिलाबादकडची थंडी पडली. वेचलेला कापूस घरात भरून ठेवलेला. पुढची खोली आढ्यापर्यंत पांढरी झाली होती आणि पंकज कापसाच्या कडेला उरलेल्या जागेत अंथरूण टाकायचा. अशाच एका सकाळी फोन वाजला. त्याने सवयीने पाहिलं आणि उठून बसला.

"अवो, सेन्सर बोलून नाई राह्यला. वायर पाहा."

हे वाक्य त्याने कधी वाचलं नव्हतं. त्याने ते पुन्हा वाचलं, मग दार उघडून उजेडात जाऊन वाचलं. मशीनमध्ये बिघाड झालाय हे त्याच्या डोक्यात फार उशिरा आलं. आधी एवढंच आलं की पूनम काहीतरी नवीन बोलली.

तो तसाच, तोंडसुद्धा न धुता शेतात गेला. धुकं होतं, हरभऱ्यावर दव होतं. अँगलवरचा सेन्सर जागच्या जागी होता. विहिरीपासून वायर जमिनीत शिरते तिथपर्यंत त्याने पाहिली, मोटरच्या खोलीत ती बाहेर येते तिथून डब्यापर्यंत पाहिली. कुठे तुटलेली नाही, कुठे कुरतडलेली नाही. डब्याला त्याने हात लावला नाही. त्याच्या झाकणाला पूनमने चारी बाजूंनी चिकट गोंद भरला होता, तिच्या बोटाचा ठसा अजून त्यावर दिसत होता.

मोटर बंदच होती. सेन्सर काही सांगत नसेल तर मोटर सुरू करायची नाही, असं पूनमने ठरवून ठेवलेलं. पंकजने डब्याची जोडणी बाजूला करून हाताने बटण दाबलं आणि विहिरीच्या काठावर पाण्याकडे बघत बसला. पाणी उतरलं की बंद करायची. दिवस त्यातच गेला.

दुसऱ्या दिवशी तेच वाक्य आलं. त्याच्या पुढच्या दिवशी दुसरं आलं.

"अवो, अजून नाई बोलला. तुमी नीट पाह्यलं नसन, मले म्हाईत हाय. भाग्यश्रीले फोन लावा."

पंकज एकटाच मोठ्याने हसला. घरात इतक्या दिवसांनी आवाज निघाला म्हणून त्याचं त्यालाच दचकायला झालं. मग हसता हसता त्याला तिथेच चुलीपाशी बसावं लागलं.

भाग्यश्री पूनमची पॉलिटेक्निकमधली मैत्रीण. दोघी तीन वर्षं एका खोलीत राहिल्या होत्या. भाग्यश्री पुढे शिकत गेली आणि आता निर्मलला एका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवत होती. लग्न केलेलं नव्हतं; आईवडील गेल्यावर क्वार्टरमध्ये एकटीच राहायची. पूनमच्या मातीला आली होती, त्यानंतर तिचा फोन नाही, पंकजचाही नाही. बोलायचं काय, हा दोघांनाही प्रश्न असावा.

त्याने फोन लावला. "भाग्यश्रीताई, मी पंकज."

 ती म्हणाली, "बोला भाऊजी. काय झालं?"

"सेन्सर बोलून नाई राह्यला."

"काय?"

"विहिरीवरचा. पूनमनं सांगितलं तुमाले फोन लावा." असं म्हणून गेल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो. मग त्याने मेसेजची सगळी हकीकत सांगितली. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "वाचून दाखवा बरं ते, जसंच्या तसं." त्याने वाचलं. "नीट पाह्यलं नसन, मले म्हाईत हाय," ती पुन्हा स्वतःशीच म्हणाली. "असंच बोलायची. भाऊजी, डबा उघडा. फोटो पाठवा."

गोंद सुरीने कापून पंकजने डबा उघडला. भाग्यश्रीने फोटो पाहिला. बोर्डावरचा लाल दिवा लागलेला होता, म्हणजे मायक्रोकंट्रोलर जिवंत होता. "मीटर लागन," ती म्हणाली.

बेल्यात गोपालचं मोटर वायंडिंगचं दुकान होतं. पूनम बोर्डाचं सामान मागवायला, कधी सोल्डरिंगला त्याच्याकडे जायची. त्याने मीटर दिला, कसा धरायचा ते दाखवलं आणि म्हणाला, "अन्ना, पाच व्होल्ट दिसले पायजे. लाल वायरवर लाल, काळ्यावर काळं. बस." अजून काहीतरी बोलायचं त्याच्या मनात होतं, पण त्याने फक्त चहा मागवला.

फोन कानाला खांद्याने दाबून पंकजने डब्यात मोजलं. पाच. मग विहिरीकडे जाऊन, अँगलवरचा सेन्सर काढून, वायरच्या टोकाला मोजलं. तिथेही पाच.

"मंग वायर चांगली हाय," भाग्यश्री म्हणाली. "सेन्सर गेला. पान्याच्या वाफेनं जातेत कधी कधी. मी नवा पाठवते."

नवा सेन्सर निर्मलहून बसच्या पार्सलने आला. अँगलवर आडवं होऊन पंकजने तो बसवला, एक एक रंगाची वायर तिने सांगितली तशी जोडली. दुसऱ्या सकाळी सात वाजता फोन हातात धरूनच बसला. "अवो, अजून नाई बोलला."

"नवाबी नाई बोलला?" भाग्यश्रीचा आवाज उतरला. "भाऊजी, मंग बोर्डाचाच पाय जळाला असन. सेन्सर जिथं जोडला हाय तो. बोर्ड बदलावा लागन."

"बदला मंग."

"बोर्ड बदलला तर आतला प्रोग्राम जाईन. तो नवीन घालावा लागन. पूनमचा ल्यापटॉप हाय ना?"

लॅपटॉप पूनमच्या भावाने नेला होता. त्याची पोरगी आता त्याच्यावर अभ्यास करत होती, आतलं जुनं सगळं पुसून. भाग्यश्रीकडे तो प्रोग्राम कधी आलाच नव्हता. पूनमने फोनवर विचारून विचारून तिचा तिनेच लिहिलेला.

"म्हंजे ते अवो..." पंकज म्हणाला.

"मी लिहून देईन नवीन. पानी सांगन तो, मोटरबी पाहीन. पन तिचं नसन ते."

पंकजने त्या दिवशी हरभऱ्याला पाणी दिलं नाही. उघड्या डब्यासमोर पोतं टाकून बसून राहिला. लाल दिवा लागलेला होता. एवढ्याशा त्या हिरव्या पट्टीत पूनमची चार वाक्यं होती की दहा, त्याला माहीत नव्हतं. तिने ती कधी लिहिली, तेव्हा आपण कुठे होतो, हेही आठवेना. बहुतेक इथेच बाहेर, पाटाची दारं धरत. ती आत बसून हसत असेल, आणि आपण विचारलंसुद्धा नाही काऊन हसते म्हणून.

संध्याकाळी सुधाकररावाने घरी येऊन पाहिलं, तर चूल पेटलेली नव्हती. "ये तिकडं जेवाले," तो म्हणाला. आईने वाढलं.  सुधाकरराव म्हणाला, "बिघडलं ना ते? बरंच झालं एका अर्थानं." त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं, पंकजलाही ते कळत होतं. पण त्याने अर्धं ताट तसंच सारून हात धुतले.

सकाळी मेसेजच्या आधी भाग्यश्रीचाच फोन आला.

"भाऊजी, तुमी विहिरीपाशी पाच व्होल्ट मोजले तवा सेन्सर जोडला होता का काढला होता?"

"काढला होता."

"तितंच चुकलं माझं. पोरायले दर साली शिकवते अन् स्वतः विसरली. सेन्सर जोडून ठेवा अन् मंग मोजा. वायरीतला एखादा धागा जरी जिता असन तरी रिकाम्यात पाच दिसते. काम पडलं की मंग खरं दिसते."

पंकज धावतच शेतात गेला. जोडलेल्या सेन्सरच्या मुळाशी मीटरच्या सुया टेकवल्या. दोन आणि वर काहीतरी.

"दोन!" तो फोनमध्ये ओरडला.

"वायर हाय!" तीही तिकडे ओरडली. "बोर्ड चांगला हाय भाऊजी! वायर हाय जमिनीतली! तिनं पह्यल्याच दिवशी सांगितलं होतं वायर पाहा!"

दुपारी त्याने कुदळ घेतली आणि खोलीपासून विहिरीकडे माती सरकवत गेला. पाटाच्या कडेला, जिथे माती कायम ओली असायची, तिथे वायरीला जोड होता. एक भेंडोळं पुरलं नसेल म्हणून पूनमने दोन वायरी तिथे जोडल्या होत्या आणि वर लाल टेप गुंडाळली होती. टेप सुटली होती. आत पाणी जाऊन काळ्या वायरीच्या तांब्याचा हिरवा भुगा झाला होता. केसाएवढा एक धागा काय तो धरून होता. बोटं टेकवताच तोही हलला.

जोड कापायचा, चांगलं तांबं उघडं करायचं, पीळ द्यायचा, टेप मारायची. दहा मिनिटांचं काम. पक्कडही खिशात होती.

पंकज मातीत उकिडवा बसला आणि त्याच्या मनात आलं, तिसऱ्या दिवशी पूनम वेगळं बोलली होती. अजून थांबलो तर अजून काही बोलेल.

त्याने जोडावर सागाचं एक पान ठेवलं, पानावर माती ओढली आणि घरी गेला.

संध्याकाळी भाग्यश्रीने विचारलं, "सापडलं?"

"नाई अजून," तो म्हणाला. "खोदून राह्यलो."

दुसऱ्या दिवशीही तेच सांगितलं. ती म्हणाली, "सावकाश करा." त्याला बरं वाटलं नाही, पण तो थांबला. आणि एका सकाळी खरोखरच नवीन वाक्य आलं.

"अवो, लय दिस झाले. तुमी एकटे विहिरीत उतरू नका हं. कोनाले तरी संग घ्या."

त्या दिवशी तो दिवसभर फोन काढून बघत होता. कोनाले तरी संग घ्या. कोणाला? सुधाकरराव दुपारी शेतावरून जाताना थांबला, हरभरा घाटे धरू लागलाय म्हणाला, निघून गेला. पंकजने त्याला मेसेज दाखवावा म्हणून फोन काढलासुद्धा, आणि परत खिशात ठेवला. पूनमने हे लिहिलं तेव्हा तिला काय वाटलं असेल? की ती शाळेत असेल, दोन दिवस माहेरी गेली असेल, तेवढ्यात हा वेडा विहिरीत उतरेल. याच्यापलीकडे तिच्या डोक्यात काही आलं नसणार. यायचं कारणच नव्हतं.

पुढच्या दिवशी तेच वाक्य आलं. त्याच्या पुढच्याही दिवशी. पंकज वाट बघत राहिला. विहिरीत उतरू नका, संग घ्या. विहिरीत उतरू नका, संग घ्या. नवीन काही नाही. पहिल्यांदा वाचताना जो आवाज कानात आला होता, तो दर सकाळी थोडा थोडा कमी ऐकू यायला लागला.

त्यातच एका दुपारी मोटर हाताने लावून तो पाण्याकडे बघायला काठावर बसला आणि उन्हाने, रात्रीच्या जागरणाने, तिथेच लवंडला. जाग आली ती आवाजाने. मोटरचा रोजचा भरलेला आवाज जाऊन पातळ, किरकिर आवाज येत होता. पाइपातून पाण्याऐवजी हवा फुसफुसत होती. तो पडत-धडपडत खोलीत गेला आणि बटण बंद केलं. मोटरला हात लावला तर चटका बसला. जळका वास खोलीभर होता.

तो भिंतीला टेकला. समोर डबा उघडा होता, लाल दिवा लागलेला. हे होऊ नये म्हणून ती महिनाभर संध्याकाळी इथे मच्छरांत बसली होती. तिने हे मोटरसाठी केलं होतं. मेसेजचं सुचलं म्हणून घातलं.

त्याने मोटरची जोडणी परत डब्याला लावली आणि जाऊन पान उचललं. जोड कापला, वायरी सोलल्या, पीळ घातला. टेप मारून वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून बांधली आणि जोड ओल्या मातीत न पुरता दगडावर उचलून ठेवला. मग डब्याचं झाकण लावायला खोलीत येतोय तोच खिशात फोन वाजला. सात वाजले नव्हते, दुपार होती. तरी पूनमचं नाव होतं.

"अवो, बोलला! कोनं केलं, तुमी?"

पंकज दारातच उभा राहिला. आत मोटर बंदच होती. मशीनने विहिरीत पाणी नाही हे ऐकलं होतं आणि मोटरची लाइन तोडलेलीच ठेवली होती.

"हो," तो म्हणाला. "मीच केलं."

खोलीत कोणी नव्हतं. मोठ्याने बोलून त्याचं समाधान झालं नाही. दीड वर्षात त्याने या नंबरवर एक अक्षर पाठवलं नव्हतं. आता तो पोत्यावर बसला आणि अंगठ्याने हळूहळू लिहिलं: "हो. मीच केलं. वायर खराब झालती." पाठवून दिलं. थोडा वेळ गेला आणि उत्तर आलं.

"अवो, हे मले नाई समजलं."

तो त्या अक्षरांकडे बघत राहिला. मग डोळे पुसले, उठला, झाकण लावलं. बाहेर येऊन जोडाकडे पाहिलं. एक टोक उपटलं आणि परत लावलं, तर ती पुन्हा विचारेल, कोनं केलं म्हणून. त्याने पाय उचलला आणि जोडाला वळसा घालून पुढे गेला.

संध्याकाळी भाग्यश्रीला सगळं सांगितलं. जोड कधीच सापडला होता, आपण खोटं बोलत होतो, मोटर जळता जळता वाचली, हेही. ती रागावेल असं त्याला वाटलं होतं.

"मले अंदाज आलता," ती म्हणाली. "इतकं खोदाले काय तलाव हाय तो?" मग तिने विचारलं, "तिनं काय काय म्हटलं, सांगा ना." त्याने एकेक वाक्य वाचलं. कोनाले तरी संग घ्या, हे तिने दोनदा वाचायला लावलं. आपण उत्तर काय लिहिलं हेही त्याने सांगितलं, आणि मशीनचं उत्तर.

"त्याले चार शब्दच समजतेत भाऊजी. चालू, बंद, पानी अन् जोड. तवा फोनवर मीच सांगितलं होतं तिले, जास्ती नको ठेवू म्हनून."

"जोड काय?"

"जोड लिहून फुडं नंबर टाकला की त्या नंबरलेबी मेसेज जातेत. ती म्हने, आमच्या सासूबाईले घेऊन देईन मोबाइल, मंग जोडीन." पलीकडे भांड्याचा आवाज झाला, ती बहुतेक एकीकडे स्वयंपाक करत होती, एकटीपुरता.  मग ती म्हणाली, "भाऊजी, माझ्याजवळ तिचा एकबी मेसेज नाई. फोन बदलला तवा सारे गेले."

पंकजला आधी वाटलं, हे आपलं आहे. ही रोजची सकाळ आपली एकट्याची आहे. मग त्याला तिची क्वार्टर डोळ्यांसमोर आली, कधी न पाहिलेली.

"तुमचा नंबर जोडू का?" त्याने विचारलं.

"जोडाल?"

त्याने फोन न ठेवताच लिहिलं, 'जोड', आणि पुढे तिचा नंबर. उत्तर लगेच आलं: "जोडला."

"जोडला म्हनते," त्याने सांगितलं.

सकाळी सातला मेसेज आला. नऊ फूट पाणी होतं, मोटर चालत होती. पंकजने चूल पेटवली, चहाचं आधण ठेवलं. कापसाची धग होती तरी खोलीत गारठा होताच. चहा उतू जायच्या बेतात असताना फोन वाजला.

"आला," भाग्यश्री म्हणाली. तिचा आवाज सर्दी झाल्यासारखा येत होता. "भाऊजी, मलेबी अवोच म्हनते हो ते."

"मंग काय म्याडम म्हनन?" पंकज म्हणाला.

ती हसली. तोही हसला. मग तिचा कॉलेजचा वेळ झाला होता आणि त्याला हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं, म्हणून दोघांनी फोन ठेवला. पंकजने कपभर चहा उभ्यानेच प्यायला, कान झाकून उपरणं बांधलं आणि दार ओढून घेऊन शेताकडे निघाला.